विल्यम हेन्री लुईसची ओळख एका ओळीत उरकू नका

विल्यम हेन्री लुईस हे नाव निघालं की एकच वाक्य ऐकू येतं: 'ऑल-अमेरिका' संघात, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंच्या मानाच्या यादीत, निवडला गेलेला पहिला कृष्णवर्णीय अमेरिकन फुटबॉलपटू. खरं आहे. पण तिथेच थांबलं की मला वाईट वाटतं, कारण त्यात त्याचा खेळ कुठेच दिसत नाही.

१८६८ साली व्हर्जिनियात जन्म. आईवडील गुलामगिरीतून सुटलेले. १८९१ मध्ये अॅमहर्स्ट कॉलेजचा कर्णधार. पुढे तो हार्वर्डला कायदा शिकायला गेला. तेव्हा कायद्याच्या विद्यार्थ्यांनाही कॉलेजच्या संघातून खेळता यायचं, म्हणून १८९२ आणि १८९३ चे हंगाम तिथे खेळला. जागा सेंटरची. रांगेच्या बरोबर मधोमध, प्रत्येक डाव ज्याच्यापासून सुरू होतो तो. त्या काळी चेंडू पुढे फेकायला बंदी होती. घोळका करायचा, मुसंडी मारायची, समोरच्याला तुडवत पुढे सरकायचं. त्या चेंगराचेंगरीत हा जेमतेम ८० किलोचा माणूस पाय रोवून उभा राहायचा. नुसत्या अंगबळावर हे होत नाही हो! समोरचा कुठून येणार हे आधी ओळखावं लागतं, आणि तीच त्याची खरी ताकद.

म्हणूनच मला तो खेळाडूपेक्षा प्रशिक्षक म्हणून मोठा वाटतो. १८९५ ते १९०६ तो हार्वर्डच्या मुलांना शिकवत होता. मुख्य प्रशिक्षक येत-जात राहिले, लुईस तिथेच होता. १८९८ मध्ये हार्वर्डने कट्टर प्रतिस्पर्धी येल विद्यापीठाला १७-० ने हरवलं, १९०१ मध्ये २२-० ने. या खेळावर त्याने १८९६ मध्ये पुस्तकही लिहिलं. मुख्य प्रशिक्षकपद मात्र त्याला कधीच मिळालं नाही. हे मला आजही खुपतं.

आणि हे सगळं वकिली सांभाळून! हार्वर्ड जिथे आहे त्या केंब्रिज गावातल्या एका न्हाव्याने त्याची दाढी करायला नकार दिला, तर हा थेट कायदा बदलून घ्यायच्या मागे लागला, आणि १८९३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या भेदभावविरोधी कायद्यात बदल झालाही. १९११ मध्ये तो अमेरिकेचा सहायक अॅटर्नी जनरल, म्हणजे केंद्र सरकारच्या कायदा खात्यातला वरिष्ठ अधिकारी झाला. पुढच्याच वर्षी अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेतल्या काहींनी, तो कृष्णवर्णीय आहे म्हणून, त्याला बाहेर काढायचा घाट घातला. राजीनामा दे म्हणाले. त्याने दिला नाही.

१९४९ च्या १ जानेवारीला बोस्टनमध्ये तो गेला. थोर खेळाडूंचा गौरव करणाऱ्या कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेमला त्याची आठवण झाली २००९ साली. साठ वर्षं!