“पहिल्या दिवशी एक हिटसुद्धा नाही”

आज १५ एप्रिल. मेजर लीग बेसबॉलमधला प्रत्येक खेळाडू आज पाठीवर ४२ हाच क्रमांक घालून मैदानात उतरतो. अटलांटातली आम्ही काही मराठी कुटुंबे सामना पाहायला जमलो होतो. सगळ्यांच्या पाठीवर एकच आकडा का, असे एका मुलाने विचारले, तेव्हा आमच्यातल्याच एका उच्चशिक्षित गृहस्थांनी त्याला सांगितले, “जॅकी रॉबिन्सनचा दिवस म्हणून. पण पहिल्या दिवशी त्याला एक हिटसुद्धा मारता आला नव्हता. उगाच खेळात काळा-गोरा आणतात.” मुलांसमोर वाद नको म्हणून मी तिथे गप्प राहिलो. इथे राहणार नाही.

रॉबिन्सन म्हणजे आधुनिक मेजर लीगमधले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू आणि ४२ हा त्यांचा क्रमांक. हिट, म्हणजे चेंडू टोलवून बेस (धावण्याचा टप्पा) गाठणे, त्यांना पहिल्या दिवशी जमले नव्हते, हे खरे आहे. १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर, हंगामाच्या पहिल्याच सामन्यात, बोस्टन ब्रेव्ह्जविरुद्ध त्यांच्या नावावर हिट लागला नाही. सातव्या इनिंगमध्ये मात्र त्यांनी बंट केला, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हळूच पुढे टाकला, त्यांच्या वेगामुळे क्षेत्ररक्षकाची घाईतली फेक चुकली आणि सहकारी पीट रायझरच्या डबलवर (दोन बेस मिळवून देणाऱ्या फटक्यावर) ते धाव काढून आले. ती धाव त्यांच्या डॉजर्स संघाला आघाडीवर नेणारी ठरली आणि सामना त्यांनी ५-३ असा जिंकला. पण मी हे तरी का सांगतो आहे? रॉबिन्सन त्या दिवशी प्रत्येक वेळी बाद होऊन परतले असते, तरी काय फरक पडला असता? सुमारे सहा दशके, कुठेही लेखी नियम नसताना, या लीगने एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला दार उघडले नव्हते. काळा-गोरा हा भेद रॉबिन्सन यांनी मैदानात आणला नाही. तो आधीपासून दारावर पहारा देत उभा होता.

आणि आत आल्यावर तरी काय? आठवडाभरातच फिलाडेल्फियाचा संघ ब्रुकलिनला आला आणि त्यांचे मॅनेजर बेन चॅपमन यांनी डगआउटमधून (मैदानाकडेच्या खेळाडूंच्या बसण्याच्या जागेतून) रॉबिन्सन यांच्यावर जातिवाचक शिव्यांचा इतका भडिमार केला, की शेवटी एडी स्टँकी हा डॉजर्सचा गोरा खेळाडू उठून ओरडला, उलट उत्तर देऊ शकेल अशा माणसाशी भिडा. रॉबिन्सन उत्तर देऊ शकत नव्हते, कारण कितीही अपमान झाला तरी हात उचलायचा नाही, हे त्यांनी डॉजर्सचे प्रमुख ब्रँच रिकी यांच्याकडे कबूल केले होते. त्याच सामन्यात आठव्या इनिंगमध्ये त्यांनी सिंगल (एका बेसचा फटका) मारला, दुसरा बेस चोरला, म्हणजे कोणाच्या फटक्याची वाट न पाहता धावून गाठला, आणि सामन्यातली एकमेव धाव काढली. गुणफलकावर १-० एवढेच दिसते.

आमच्या शेजारी साठी ओलांडलेले एक कृष्णवर्णीय गृहस्थ राहतात. ८ एप्रिल १९७४ च्या रात्री, अटलांटा ब्रेव्ह्जचे कृष्णवर्णीय खेळाडू हँक ॲरन यांनी अल डाउनिंगच्या चेंडूवर ७१५ वा होम रन (चेंडू थेट मैदानापार धाडणारा फटका) मारून जुन्या काळचे गोरे खेळाडू बेब रूथ यांचा कारकिर्दीतल्या सर्वाधिक होम रनचा विक्रम मोडला, तेव्हा हे शेजारी वडिलांबरोबर स्टेडियममध्ये होते. ते स्टेडियम आता नाही. चेंडू जिथे पार गेला ती जागा पार्किंगमध्ये खूण करून राखली आहे आणि तिथेच उभे राहून त्यांनी मला ती रात्र सांगितली. दोन गोरी तरुण मुले मैदानात धावत गेली आणि बेसवरून धावणाऱ्या ॲरन यांच्या पाठीवर थोपटू लागली. ते दृश्य आपण सगळ्यांनी पाहिले आहे आणि पाहून हसलोही आहोत. शेजारी म्हणाले, “वडिलांनी त्या क्षणी माझा दंड इतका घट्ट धरला, की दुसऱ्या दिवशी वळ उठले होते.” सारे स्टेडियम नाचत होते आणि त्या बापाला वाटले, की आता गोळी सुटणार.

ती भीती उगाच नव्हती. आदल्या वर्षी ॲरन ७१३ वर थांबले आणि संपूर्ण हिवाळाभर त्यांना पत्रे येत राहिली. त्यांत कौतुकाची पुष्कळ होती, हे मान्य करतो. पण जिवे मारण्याच्या धमक्याही होत्या. त्यांच्या अंगरक्षकाजवळ दुर्बिणीच्या केसमध्ये पिस्तूल होते आणि ती दोन मुले धावली तेव्हा ते काढायचे की नाही, हे त्याला क्षणार्धात ठरवावे लागले. होम प्लेटजवळ, म्हणजे धाव पूर्ण होते त्या जागी, आईने ॲरन यांना मारलेली ती घट्ट मिठी आठवून पाहा. त्या दंडावरच्या वळांविषयी ऐकल्यापासून मला ती मिठी वेगळीच दिसू लागली आहे. सोहळ्यात ॲरन काय बोलले? संपले एकदाचे, देवाचे आभार. विक्रम करणारा माणूस असे बोलतो, यावर आपण कधी थांबून विचार केला आहे का?

त्याच्या चारच दिवस आधी, ४ एप्रिलला, सिनसिनाटीत हंगाम सुरू झाला. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येला त्या दिवशी सहा वर्षे झाली होती, म्हणून सामन्याआधी क्षणभर मौन पाळावे, अशी विनंती ॲरन यांनी केली. ती नाकारली गेली. त्यानंतर हंगामातल्या आपल्या पहिल्याच फटक्यावर त्यांनी ७१४ वा होम रन मारून रूथची बरोबरी केली. खेळात हे आणू नका, असे त्यांनाही सांगितले गेले होतेच. फरक इतकाच, की तेव्हा सांगणारे मराठी बोलत नव्हते.

हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण दलित क्रिकेटपटू पालवणकर बाळूंचा वारसा सांगणाऱ्या भाषेत ते वाक्य आज उच्चारले गेले. पुण्यात ज्यांची गोलंदाजी संघाला हवी होती, पण चहा मात्र पॅव्हिलियनच्या बाहेर मातीच्या भांड्यात दिला जात होता, आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ज्यांनी शंभरहून अधिक बळी घेतले, त्या बाळूंना खेळात जात कोणी आणली, हे विचारायची गरज पडली नसती.

४२ क्रमांकाचे शर्ट विकून आज लोक पैसे मिळवतात, हे ठीक आहे, मला दिसते. आणि त्या गृहस्थांचा हेतू वाईट होता, असेही मी म्हणत नाही. मुलाला काहीतरी पटकन सांगून टाकायचे म्हणून ते बोलले असतील. हा परिच्छेद लिहिताना माझा राग बराच ओसरला आहे. पण त्या मुलाच्या डोक्यात आता काय राहिले असेल? एक हिट नाही, एवढेच. दंडावरच्या वळांविषयी त्याला कोण सांगणार?

म्हणून शेजारच्या गृहस्थांना विचारले आहे आणि ते तयार झाले आहेत. पुढच्या शनिवारी आमच्या मुलांना घेऊन आम्ही त्या पार्किंगमध्ये जाणार आहोत, जुन्या स्टेडियमची ती खूण दाखवणार आहोत आणि त्यांच्याच तोंडून ती रात्र ऐकणार आहोत. ज्यांना खेळात हे सारे नको वाटते, त्यांनी आपली मुले खुशाल घरी ठेवावीत. बाकीच्यांनी मला कळवा, गाडीत जागा आहे.