लघुकोनातले दिवस

शाळेत भूमितीने मला कायम छळलं. उरलेला हिशेब तिने आता, त्रेसष्टाव्या वर्षी चुकता केला. उजवा गुडघा बदलून घरी आलो आणि दुसऱ्याच दिवशी फिजिओ मॅडम दारात हजर. हातात दोन प्लास्टिकच्या पट्ट्या एका खिळ्यावर फिरणारं यंत्र. त्याला गोनिओमीटर म्हणतात. मला तो कंपासपेटीतला कोनमापकच मिशा लावून आल्यासारखा वाटला.

"६२," मॅडमनी निकाल सांगितला. म्हणजे गुडघा ६२ अंशच वाकतोय, लघुकोन. सपाट रस्त्यावर चालण्यापुरतं हे कसंबसं पुरतं म्हणे, पण खुर्चीतून नीट उठायला ९० तरी हवेत. आणि पहिल्या काही आठवड्यांत वाकवला नाही, तर आतली जखम भरताना गुडघा आखडून बसतो.

मॅडमचं वजन फार तर पंचेचाळीस किलो. पण मला पलंगाच्या कडेला बसवून त्यांनी नडगी मागे दाबली, तेव्हा अख्खा ट्रक रिव्हर्स येतोय असं वाटलं. अर्धा तास आधी घेतलेली वेदनाशामक गोळी बहुधा वाटेतच उतरून गेली होती.

"काका, श्वास सोडा. दहा आकडे फक्त."

हे दहा आकडे फसवे असतात. एक ते सात बरे जातात. आठ म्हणून झालं की मॅडमना आठवतं, "मुलगा कुठे असतो तुमचा?" मी मुलाचं गाव, कंपनी, पगार सगळं भडाभडा सांगून टाकतो, तरी नऊ येत नाही.

"आई गं!" मी ओरडलो.

"अहो, सासूबाईंना जाऊन बारा वर्षं झाली," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "आता तरी त्यांना सुखाने राहू द्या." मग फ्रीजरमधली मटारची पिशवी टॉवेलात गुंडाळून तिने गुडघ्यावर आणून ठेवली. या मटारची उसळ करणार नाही, असं मी तिच्याकडून वदवून घेतलंय.

अंश चोरायची एक युक्ती मला सापडली होती. त्या बाजूची कंबर हळूच उचलायची, की पाय जास्त मागे गेल्यासारखा दिसतो. पण "काका, कंबर खाली," हे मॅडम न बघताच म्हणतात.

चौथ्या आठवड्यात नातू स्वतःचा कोनमापक घेऊन आला. जीभ बाहेर काढून त्याने मोजलं. "आजोबा, ८९. काटकोन नाही झाला."

"अरे, पेन्सिलला टोक नसलं की एका अंशाचा फरक चालतो," मी म्हटलं.

आतून आवाज आला, "कंबर बघ रे त्यांची!"