गोल चेहऱ्याला कमान हवीच, असं कोण म्हणतं?

गोव्यात चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की व्हॉट्सअॅपवर एक तक्ता फिरू लागतो. गोल चेहऱ्याला उंच कमान, लांब चेहऱ्याला सरळ भुवई, चौकोनीला गोलसर. खाली सूचना: माप नाकपुडीपासून घ्या, दोन्ही भुवया तंतोतंत सारख्या करा, एरंडेल लावा, तयेच्या (चवथीच्या आदल्या) दिवशी ताजं थ्रेडिंग करा, आणि बिघडलं तरी चिंता नको, केस दाट होऊन परत येतात. डिचोली-फोंड्याच्या पार्लरांत मोबाइल पुढे धरून "ताई, अश्शीच करा" म्हणणाऱ्या मुली असतात, म्हणून हा प्रपंच.

आधी तक्ता. दोरा केस काढतो, लावत नाही. पेडण्याच्या दशावतारात स्त्रीपात्र रंगवणारा कलाकार भुवई हवी तिथे चढवतो, कारण त्याच्या हातात रंग असतो आणि भाव शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचे असतात. पार्लरच्या खुर्चीत ती सोय नाही. भुवई डोळ्यावरच्या हाडाच्या कडेने उगवते. ती मुळात सरळ असेल तर कमान काढायला मधले खालचे केस उपटावे लागतात; उरते बारीक रेघ, आणि डोळा व भुवई यांत उगाच मोकळं रान. डोळे थोडे बाहेर आलेले असतील तर ते आणखी बटबटीत दिसतात. खोल डोळ्यांना मात्र खालची लव काढली तरी उघडेपणा येतो. म्हणजे बघायचं ते हाड, डोळा आणि केसांची दाटी. चेहरा गोल की लांब हे त्यानंतर.

नाकपुडीचं माप नाक रुंद असलं की फसतं, भुवयांमधलं अंतर नको तितकं वाढतं. सुरुवात डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याच्या सरळ वर धरावी. शेपटीसाठी नाकपुडीपासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून जाणारी रेषा चालते.

तंतोतंत सारख्या भुवया बहुतेकांना नसतातच. कपाळाचा स्नायू एका बाजूला जास्त ओढतो, बोलताना एक भुवई वर जाते. ती बरोबर करायला एकदा इकडचे, एकदा तिकडचे केस जातात आणि शेवटी दोन्ही बारीक होतात. मान मागे टाकून, कातडी ताणलेली असताना तुलना तर करूच नये. सरळ बसा, चेहरा सैल सोडा, मग आरसा मागा.

एरंडेलाने केस तुकतुकीत दिसतात. उगवतात याला ठोस पुरावा नाही.

दाट होऊन येण्याचं म्हणाल, तर कापल्याने केस जाड होत नाहीत हे शरीररचनेच्या अभ्यासक मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ साली पुरुषांच्या दाढीवर तपासून दाखवलं. थ्रेडिंगमध्ये तर केस मुळासकट ओढला जातो. तो सहसा परत येतो, पण भुवई पूर्ववत व्हायला काही महिने लागू शकतात, आणि वर्षानुवर्षं तेच मूळ उपटलं तर तिथे कायमची विरळी पडू शकते. हात न लावताच शेपटीकडचे केस गळत असतील तर पार्लर सोडा. थायरॉइड कमी असल्याचं ते एक लक्षण असू शकतं. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) त्वचारोगाच्या ओपीडीत दाखवावं.

राहिली तय. थ्रेडिंगनंतर कातडी लाल होते, आणि त्याच दिवशी नेवऱ्या तळत चुलीपुढे घाम गाळला तर भुवईखाली पुटकुळ्या उठायला वेळ लागत नाही. दोन-तीन दिवस आधीच उरकून घ्या.