भावोजी, फळ्यातून रेडिएशन येत नाही

‘मुलीला मॅथ्स-फिजिक्सच्या रिसर्चला घालताय? आधी हे वाचा!’ असा मेसेज सध्या ठाणे-नवी मुंबईतल्या झाडून सगळ्या फॅमिली ग्रुपांवर फिरतोय. माझ्याकडेही आला होता, मी नेहमीसारखा पुसून टाकला. पण परवा कळव्याहून ताईचा फोन आला. भाचीला बीएस्सीला फिजिक्स घ्यायचंय, पुढे जमलं तर संशोधन करायचंय. आणि भावोजी म्हणतायत, नको, बी.कॉम. कर. कारण काय, तर हा मेसेज. मग मात्र राहवेना.

मेसेजचं म्हणणं असं. एक, विद्यापीठांच्या फिजिक्स आणि मॅथ्स विभागांत रेडिएशन असतं, तिथे चार-पाच वर्षं काढलेल्या मुलींना पुढे मूल होत नाही, ‘मेरी क्युरी त्यानेच गेली’. दोन, रामानुजन आणि कापरेकर या गणितज्ञांकडे कुठे पीएच.डी. होती? तीन, गणित आता एआय सोडवतं. चार, हे लोक सरकारी पैशावर एसीत बसून असतात. पाच, एवढं करून नोकरी नाहीच. खाली सही, ‘एक निवृत्त शास्त्रज्ञ’. नाव-गाव-संस्था काही नाही.

मी एका विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात क्ष-किरणांच्या यंत्रावरच काम करते, त्यामुळे पहिल्या मुद्द्याला जरा वेळ घेणार आहे.

आधी मॅथ्स. गणित विभागात फळा असतो, खडू असतो, गार झालेला चहा असतो आणि काही केल्या न सुटणारी सिद्धता असते. यातून रेडिएशन कुठून येणार? थिअरी करणाऱ्या फिजिक्सवाल्यांचंही तेच, फक्त खडूच्या जोडीला कम्प्युटर. प्रयोगशाळांमध्ये लेझर असतो, द्रव नायट्रोजन असतो. तिथे डोळे आणि बोटं सांभाळावी लागतात, पण त्याचा न झालेल्या मुलांशी काहीएक संबंध नाही. उरल्या क्ष-किरणांच्या वगैरे मोजक्या खोल्या.

तिथे काय चालतं तेही सांगते. अगेट दगडाच्या खलात नमुना बारीक कुटायचा, काचपट्टीवर दाबून सपाट बसवायचा, यंत्रात ठेवायचा, शिशाच्या काचेचं दार लावायचं आणि बाहेर खुर्चीत बसून स्क्रीनवर आलेख उमटायची वाट बघायची. दार नीट लागलं नसेल तर शटर उघडतच नाही. यंत्र चालू असताना कुणी दार उघडलं तर किरण तिथल्या तिथे बंद. आणि बंद म्हणजे बंद. दिवा मालवल्यावर उजेड जसा खोलीत साचून राहत नाही, तसे क्ष-किरणही राहत नाहीत. शिवाय छातीवर टीएलडी बॅज लावलेला असतो. किती डोस बसला हे तो सांगतो, आणि दर तिमाहीला तो वाचायला जातो.

आता आकडे. अणुऊर्जा नियामक मंडळ, ज्याचं कार्यालय वाशीचा पूल ओलांडून गेलं की अणुशक्तीनगरला आहे, म्हणजे ‘निवृत्त शास्त्रज्ञां’ना फार लांब जावं लागलं नसतं, त्याची किरणोत्सारात काम करणाऱ्यांसाठीची मर्यादा वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्ट (अंगाला बसलेला डोस मोजायचं एकक) आहे. एखाद्या वर्षी फार तर ३०, पण पाच वर्षांत मिळून १०० च्या वर नाही. आणि वंध्यत्व कितीला येतं? आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाच्या २००७ च्या शिफारशींत ते दिलंय. स्त्रियांमध्ये कायमचं वंध्यत्व यायला बीजकोशांना एका झटक्यात सुमारे ३००० मिलिग्रे डोस बसावा लागतो. क्ष-किरणांच्या बाबतीत एक मिलिग्रे म्हणजे एक मिलिसिव्हर्टच धरा. वर्षाला २० च्या हिशोबाने तिथवर पोचायला १५० वर्षं लागतील, आणि तेव्हाही तो एका झटक्यात बसलेला नसेल. आमच्या खोलीत तर बॅजवर दाखवण्याजोगं बहुधा काही येतही नाही.

त्याच शिफारशींत पुरुषांचाही आकडा आहे. त्यांच्यात तात्पुरतं वंध्यत्व सुमारे १०० मिलिग्रेलाच येऊ शकतं. म्हणजे या कारणाने कुणाला फिजिक्सपासून दूर ठेवायचंच असेल, तर आधी मुलग्यांना ठेवा! पण त्यांच्या वडिलांना असा मेसेज कोणी पाठवत नाही. गरोदरपणात नियम वेगळे आणि जास्त कडक असतात, त्या काळात काम बदलून मिळतं, हे खरं. पण ‘मूल होत नाही’ याचा त्याच्याशी बादरायण संबंधसुद्धा नाही. माझा मुलगा घणसोलीच्या शाळेत जातो, पण एका उदाहरणाने काही सिद्ध होत नसतं, म्हणून तो पुरावा मी देत नाही. भौतिकशास्त्रज्ञ पूर्णिमा सिन्हांचंही उदाहरणच आहे, पण ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९५० च्या दशकात कलकत्त्यात सत्येंद्रनाथ बोस यांच्या हाताखाली त्यांनी चिकणमातीच्या रचनेवर डॉक्टरेट केली. त्यासाठीचं क्ष-किरण यंत्र त्यांनी महायुद्धानंतर भंगारात निघालेल्या लष्करी सामानातून स्वतः उभं केलं. कसलं शिशाचं दार नि कसला बॅज. त्यांना दोन मुली झाल्या, आणि दोघीही फिजिक्समध्येच गेल्या.

मेरी क्युरीचं अर्धं खरं आहे. १९३४ साली त्या रक्ताच्या विकाराने गेल्या, आणि त्याला किरणोत्सारच कारणीभूत मानतात. पण त्या रेडियम खिशात घालून हिंडायच्या, कारण तेव्हा धोका कुणाला पुरता ठाऊक नव्हता. पुढचे सगळे नियम तसल्याच अनुभवांतून आले.

बाकीचं भराभर. रामानुजनना भारतात पदवी मिळाली नाही, हे खरं. पण मद्रास पोर्ट ट्रस्टच्या कचेरीत ३० रुपयांवर कारकुनी करणाऱ्या त्या माणसाला १९१३ साली मद्रास विद्यापीठाने संशोधनासाठी महिना ७५ रुपये दिले, तेव्हा कुठे कारकुनी सुटली. पुढे १९१६ मध्ये केंब्रिजने संशोधनावर पदवी दिली, जिला नंतर पीएच.डी. म्हणू लागले. म्हणजे विद्यापीठ नकोच हे सांगायला उदाहरण निवडलं तेही उलटंच. कापरेकर मात्र खरोखर पीएच.डी. नव्हते. शाळा ठाण्यात शिकले, पुढे देवळालीला शिक्षक होते, आणि ६१७४ या संख्येची गंमत त्यांनी शिकवता शिकवता शोधली. ठीक, हा एक मुद्दा तुमचा.

एआयने २०२५ च्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड या शालेय मुलांच्या स्पर्धेतले सहापैकी पाच प्रश्न सोडवले, हेही खरं. पण ऑलिंपियाडच्या प्रश्नाला उत्तर आहे हे प्रश्न काढणाऱ्याला माहीत असतं. आमच्याकडे प्रश्न बरोबर विचारलाय की नाही इथूनच सुरुवात. एसी आहे, पण तो यंत्रासाठी. बंद पडला तर आधी यंत्राची काळजी करतात, आमची नाही. आणि सरकारी पैसा म्हणजे जेआरएफ (परीक्षा देऊन मिळणारी सरकारी संशोधन फेलोशिप) मिळालेल्यांना पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,०००, शिवाय घरभाडं. तेही २०२३ पासून; आधी ३१ आणि ३५ हजार होते. कधी कधी महिनोन्‌महिने येत नाहीत ते वेगळंच. ज्यांना जेआरएफ नाही, त्यांचं तर विचारूच नका.

नोकरीचं म्हणाल, तर तिथे मी भावोजींशी भांडणार नाही. कायम जागा वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवायच्या आणि डॉक्टरेट झालेल्यांना तासिका तत्त्वावर राबवायचं, हे रोज बघते. पीएच.डी.ला बसण्याआधी फेलोशिप हातात आहे का, गाइडचे आधीचे विद्यार्थी कुठे लागले, हे भाचीने विचारलंच पाहिजे, आणि ते मी तिच्याकडून विचारून घेईन. पण आधी बीएस्सी, मग एम.एस्सी.; तो प्रश्न यायला अजून चार-पाच वर्षं आहेत. तोवर ज्या पोरीला फिजिक्स आवडतं, तिच्यापुढे बी.कॉम.चा फॉर्म कशाला?