‘एकच जाड पुस्तक घ्या’ हा सल्ला मुलांच्या गळ्यात मारू नका

इंदूरच्या मराठी घरांमधून सध्या व्हॉट्सॲपवर एक सल्ला फिरतोय. माझ्याकडे तो चार जणांकडून आला, चौघेही कॉलेजात जाणाऱ्या मुलांचे आईवडील. सल्ला थोडक्यात असा: मुलांना प्रोग्रामिंग शिकवायचं असेल तर किरकोळ पुस्तकांवर पैसे घालवू नका. त्या भाषेचा एकच भरभक्कम संदर्भग्रंथ घ्या आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढायला लावा. जितकी पानं जास्त, तितकं ज्ञान जास्त. शक्यतो ज्याने भाषा तयार केली त्याचंच पुस्तक बघा. आवृत्ती जुनी असली तरी हरकत नाही, मूळ तत्त्वं बदलत नसतात. आणि मुलाचं इंग्रजी कच्चं असेल तर या वाटेला जाऊच नका.

मी सोळा वर्षं प्रोग्रामिंगची नोकरी करते आहे आणि रविवारी सकाळी लोकमान्य नगरातल्या घरी कॉलेजच्या पाच-सहा मुलांना शिकवते. या सल्ल्याप्रमाणे वागून खचलेली मुलं माझ्यासमोर येऊन बसतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

‘पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा’ ही यातली सगळ्यात नुकसान करणारी गोष्ट, म्हणून आधी तीच घेते.

आमच्या गल्लीत एक मुलगी आहे, बी.सी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. क्लासवाल्यांनी सांगितलं म्हणून वडिलांनी तिला पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा हजारभर पानांचा संदर्भग्रंथ आणून दिला. गणपतीत तिने तो वाचायला घेतला. रोज थोडी थोडी पानं, हातात पेन्सिल, महत्त्वाच्या वाक्यांखाली रेघा. दिवाळीच्या तोंडावर माझ्याकडे आली तेव्हा अडीचशे पानं झाली होती, आणि कॉलेजच्या प्रॅक्टिकलमधला पहिला स्टार पॅटर्न तिला जमत नव्हता. पहिल्या ओळीत एक तारा, दुसरीत दोन, तिसरीत तीन, एवढंच काम. तिचे सगळे तारे एकाखाली एक उभे पडत होते.

‘काकू, आतला लूप बरोबर आहे ना? मग आडवे का नाही येत?’

लूप, म्हणजे एकच काम पुन्हा पुन्हा करायला लावणारी रचना, बरोबरच होता. मी तिला तिच्याच पुस्तकातली प्रिंटची, म्हणजे स्क्रीनवर छापायच्या आज्ञेची, नोंद काढायला सांगितली. प्रिंटला काय काय देता येतं ते तिथे ओळीने लिहिलं होतं: सेप, एंड, फाइल, फ्लश. एंडपुढे खुलासा होता की काही सांगितलं नाही तर छापून झाल्यावर प्रिंट नव्या ओळीवर जातं. त्या वाक्याखाली तिचीच पेन्सिलीची रेघ होती.

ती त्या रेघेकडे बघत राहिली. मग तिने एंडला रिकामं अवतरण दिलं. तारे आडवे आले, पण आता सगळे एकाच ओळीत चिकटले. मी काही बोलले नाही. दोन-तीन मिनिटांनी तिने स्वतःच बाहेरच्या लूपमध्ये एक रिकामा प्रिंट घातला आणि पॅटर्न पुरा झाला. एंड म्हणजे काय हे ती आता विसरणार नाही. गणपतीत तेच वाक्य तिने वाचलं होतं, पण तेव्हा तिच्याजवळ प्रश्नच नव्हता, मग उत्तर टिकणार कशावर?

पुस्तक वाईट नव्हतं. संदर्भग्रंथाचं कामच वेगळं असतं. नेमकं काय हवंय ते ज्याला ठाऊक आहे, त्याला ते चटकन आणि पूर्ण मिळावं, अशी त्याची मांडणी असते. म्हणून एका विषयाचं सगळं एका जागी असतं. पायथनमध्ये स्ट्रिंगवर, म्हणजे मजकुरावर, चालणाऱ्या मेथड (तयार आज्ञा) चाळीसहून जास्त आहेत. संदर्भग्रंथात त्या सलग येतात, कारण तिथेच शोधणं सोपं जातं. शिकणाऱ्याला पहिल्या महिन्यात त्यातल्या चार-पाच पुरतात, आणि कुठल्या पुरतात हे त्याला कळायचा मार्ग त्या पानावर नसतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, १८५७ साली त्याची वाढवलेली आवृत्ती आली, आणि अभ्यासक आजही तो उघडतात. पण ‘अ’पासून तो वाचत जाऊन कुणी मराठी बोलायला शिकलेलं नाही. मुलाला कोश पाठ करायला बसवायचं आणि वर ‘याचं डोकं चालत नाही’ म्हणायचं, हा त्या मुलावर अन्याय आहे.

पानांच्या हिशोबाला तर काहीच आधार नाही. ब्रायन कर्निगन आणि डेनिस रिची यांचं सी भाषेवरचं पुस्तक १९७८ साली आलं, दुसरी आवृत्ती १९८८ साली. ही दुसरी आवृत्ती पावणेतीनशे पानांच्या आत आहे, आणि सी शिकणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या त्यावर वाढल्या. सी तयार केली रिचीनेच, म्हणजे ‘भाषा बनवणाऱ्याचं पुस्तक’ ही अटही इथे पुरी होते. मग हेच घेऊन मुलाच्या हातात द्यावं का? लेखकांनी प्रस्तावनेतच सांगून टाकलं आहे की हे प्रोग्रामिंगची ओळख करून देणारं पुस्तक नाही. व्हेरिएबल, लूप, फंक्शन या पायाभूत गोष्टींची वाचणाऱ्याला थोडी माहिती आहे असं त्यांनी धरलं आहे. अगदी नवख्यालाही वाचता येईल, पण जवळ कुणी जाणकार असला तर बरं, असंही ते म्हणतात. पुस्तक कोणासाठी आहे हे लेखक असं प्रस्तावनेत स्वतः लिहून ठेवतो, आणि नेमकी तीच पानं आपण उलटून पुढे जातो. पुस्तक घेण्याआधी दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल, प्रस्तावना वाचाच.

भाषा बनवणाऱ्याच्या बाबतीत सी प्लस प्लसचं उदाहरण याहून स्पष्ट आहे. ती भाषा तयार करणाऱ्या बिआर्न स्ट्रॉस्ट्रप यांचं भाषेवरचं मुख्य पुस्तक १९८५ साली निघालं आणि वाढत वाढत २०१३ च्या चौथ्या आवृत्तीत तेराशे पानांच्या वर गेलं. मधल्या काळात टेक्सासच्या एका विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायची वेळ आली, तेव्हा ‘माझा ग्रंथ आहेच, तो वाचा’ असं ते म्हणाले नाहीत. त्या मुलांसाठी त्यांनी वेगळं पुस्तक लिहिलं, ते २००८ साली आलं, आणि तेही बाराशेहून अधिक पानांचं आहे. भाषा ज्याच्या डोक्यातून निघाली, त्यालाच शिकणाऱ्यांसाठी दुसरं पुस्तक लिहावंसं वाटलं. शिवाय यातून हेही दिसतं की बारीक पुस्तक नवशिक्याचं आणि जाड पुस्तक जाणत्याचं, असा उलटा नियम करण्यातही अर्थ नाही.

जुन्या आवृत्तीबद्दल सल्ल्यात जे म्हटलंय ते निम्मं खरं आहे, आणि म्हणूनच फसवं आहे. लूप, रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं), डेटाबेसमधलं जॉइन (दोन तक्ते जोडणं) या गोष्टी दहा-वीस वर्षांनी बदलत नाहीत. त्यांच्यासाठी इंदूरच्या खजुरी बाजारातल्या पुस्तकांच्या दुकानांतून निम्म्या किमतीत जुनं पुस्तक आणलं तर मी शाबासकीच देईन. पण पुस्तकातला कोड कशावर चालतो, ते बघायला हवं.

पायथन ३ आलं डिसेंबर २००८ मध्ये, आणि पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली. पायथन २ ची पुस्तकं मात्र दुकानांतून नाहीशी झाली नाहीत. माझ्याकडच्या एका मुलाने असंच एक आणलं. पहिलाच प्रोग्राम अडला, कारण त्यात प्रिंटला कंस नव्हता. ते एक वेळ बरं, संगणक स्वतःच सांगतो की कंस राहिला. त्रास पुढे झाला. पुस्तकात सात भागिले दोनचं उत्तर तीन छापलं होतं आणि त्याच्या स्क्रीनवर साडेतीन येत होतं. पायथन २ दोन पूर्णांकांच्या भागाकारातला अपूर्णांक टाकून देतं, पायथन ३ टाकत नाही. चूक दाखवणारा संदेश कुठेच आला नाही. मुलाने अर्धी दुपार आपलीच चूक शोधण्यात घालवली, कारण छापलेलं पुस्तक चुकेल असं त्याच्या मनातच आलं नाही.

सी आणि सी प्लस प्लसच्या पुस्तकांत याहून जुनं दुखणं आहे. टर्बो सी हा बोरलँड कंपनीचा १९८७ सालचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम संगणकाला चालवता येईल अशा रूपात बदलणारं साधन. त्याच्यासाठी लिहिलेल्या प्रोग्रामांत सुरुवातीलाच कोनिओ नावाची हेडर फाइल असते आणि स्क्रीन पुसायची आज्ञा असते. यातलं काहीच प्रमाणित सी भाषेत कधी नव्हतं. घरी लिनक्सवर जीसीसी हा आजचा कंपायलर वापरणारं मूल पहिल्याच ओळीला ‘अशी फाइल नाही’ हे उत्तर बघतं. गेट्स नावाचं फंक्शन तर २०११ च्या प्रमाणित सीमधून काढूनच टाकलं गेलं, कारण वाचलेला मजकूर मावतो की नाही हे ते तपासत नव्हतं आणि मेमरीत भलतीकडे लिहिलं जायचं. ज्या पुस्तकात ते पानोपानी आहे, त्यातून मुलाला धोक्याची सवय लागते.

आता इंग्रजी. सल्ल्यातलं हे शेवटचं वाक्य ज्यांनी पुढे पाठवलं, त्यांना मी हात जोडून सांगते, ते काढून टाका. आपल्या इंदूरच्या मुलांचं कसं आहे बघा: घरात मराठी, शाळेत आणि रस्त्यावर हिंदी, पेपर इंग्रजीत. तीन भाषा रोज वापरणाऱ्या मुलाला ‘तुला भाषा येत नाही’ म्हणून दारातून परत पाठवायचं? १९८९ च्या प्रमाणित सीमध्ये राखीव शब्द आहेत ३२. एवढे शब्द कुठलंही मूल आठवड्यात ओळखीचे करून घेतं. अडतं ते लेखकाच्या वाक्यांशी. काही लेखक लहान, सरळ वाक्यं लिहितात. काहींचं एक वाक्य सहा ओळींचं असतं आणि त्यात तीन अटी गुंतलेल्या असतात. पहिल्याचं पुस्तक कच्च्या इंग्रजीच्या मुलालाही पेलतं. म्हणून मी मुलांना कुठलंही पुस्तक मधूनच उघडून एक परिच्छेद वाचायला लावते आणि म्हणते, आता हे मला मराठीत सांग. शब्द इंग्रजीच राहिले तरी चालतील, पण कशाने काय होतं ते आलं पाहिजे. आलं, तर त्या पुस्तकाचं इंग्रजी त्याला पुरे आहे. नाही आलं, तर दुसरं पुस्तक बघू. तेवढ्यावरून शिक्षण सोडायचं कारण नाही.

दिवाळीनंतर एका शनिवारी त्या मुलीला आणि तिच्या वडिलांना घेऊन मी खजुरी बाजारात गेले. निघताना तिला वहीत तीन गोष्टी लिहायला लावल्या, गेल्या पंधरा दिवसांत ती जिथे अडली त्या. तिने लिहिलं: लूपच्या आत लूप, फंक्शनमधून दोन उत्तरं परत पाठवणं, फाइल उघडली की मराठी अक्षरांच्या जागी भलतंच दिसणं.

दुकानदाराने एक पुस्तक पुढे केलं. ‘मॅडम, सबसे ज्यादा यही चलती है.’ तिने मागच्या पानांवरची सूची काढली. पुढची अनुक्रमणिका वेगळी, मी म्हणते ती शेवटची, शब्द आणि पानं दाखवणारी. त्या पुस्तकाला ती सूचीच नव्हती. दुसऱ्यात सूची होती, तिच्या तीनपैकी दोन गोष्टी सापडल्या. पण उदाहरणं अर्धवट होती, मधल्या चार ओळी दाखवून ‘बाकीचं वरीलप्रमाणे’. घरी बसून टाइप केलं तर चालणार नाही. तिसरं तीनशे पानांच्या आसपासचं. तिन्ही गोष्टी होत्या, प्रत्येक प्रोग्राम पूर्ण, खाली त्याचं आउटपुट छापलेलं, धड्याच्या शेवटी दहा-बारा प्रश्न आणि एकाआड एक प्रश्नांची उत्तरं मागे. ही एकाआड एकची पद्धत मला फार आवडते. मुलाला ताळा करता येतो आणि नुसती उत्तरं उतरवून मोकळंही होता येत नाही. शीर्षकपानामागच्या पानावर तिने स्वतःच वर्ष आणि पायथनची आवृत्ती बघितली. मग फाइलींच्या धड्यातला एक परिच्छेद तिने तिथेच उभ्या उभ्या मला मराठीत सांगितला. एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं फाइलीत कुठल्या पद्धतीने साठवली आहेत ते, का सांगावं लागतं हे बरोबर आलं.

पैसे देताना वडील म्हणाले, ‘ताई, मग त्या जाड पुस्तकाचे पैसे पाण्यातच गेले ना?’

अजिबात नाही, मी म्हटलं. ते टेबलावरच ठेवा. फक्त रोज पानं वाचायचा नेम बंद करा. ती अडली की आधी वहीत एका वाक्यात प्रश्न लिहील, मग त्या पुस्तकाच्या सूचीत शब्द शोधील, आणि सापडलं त्या पानावर चिठ्ठी लावील.

परवा ती आली तेव्हा ते पुस्तक बरोबर घेऊन आली होती. नऊ चिठ्ठ्या मोजल्या मी. पहिली प्रिंटच्या पानावर होती. शेवटची सॉर्टच्या पानावर: नावं आणि गुणांच्या जोड्या गुणांप्रमाणे लावायच्या होत्या, त्यासाठी सॉर्टला ‘की’ कशी द्यायची ते तिने स्वतः काढलं होतं. मला विचारायला आली होती ती पुढचं, दोघांचे गुण सारखे असतील तर कोण आधी येतं.