एक सूत म्हणजे किती?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये बावीस वर्षे काढल्यावर माझे असे मत झाले आहे की, “नवा पोरगा आपल्यात मुरत नाही” ही जी तक्रार आम्ही जुनी माणसे चहाच्या वेळी करतो, तिच्यात निम्मा दोष आमचाच असतो.

गेल्या पावसाळ्यात बैलहोंगलकडचा एक मुलगा आमच्या कटिंगवर लागला. आयटीआय झालेला, घरची भाषा कन्नड, मराठी समजते पण बोलताना बिचकतो. सुपरवायझरने बार दाखवून सांगितले, “एक सूत जास्त ठेवून काप.” सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर, पण मिलिमीटरवर शिकून आलेल्या मुलाला हे कोणी सांगितलेच नव्हते. त्याने मान हलवली आणि ड्रॉइंगच्या मापाला तंतोतंत चौदा तुकडे कापले. फेसिंगला, म्हणजे टोके लेथवर घासून सपाट करायला, मालच उरला नाही. चौदाही भंगारात गेले. सगळे हसले. खोटे कशाला बोलू, मीही हसलो. (मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेले तेही १९५६ सालीच, आमच्या शॉपला दोन्ही अजून पुरते पचलेले नाही.)

अशा न सांगितलेल्या गोष्टी पुष्कळ असतात. दुसऱ्याच्या मायक्रोमीटरला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हे नव्या माणसाला शिवी खाल्ल्यावरच कळते. सुपरवायझर मराठीत बोलतो, हेल्पर हिंदीत, आणि समजले नाही असे म्हणण्याची पहिल्या महिन्यात कोणाची छाती होत नाही.

मात्र आमचे सगळेच वळण नव्याने उचलावे, असेही नाही. ग्राइंडरवर गॉगल लावणाऱ्या मुलाला आमच्याकडे “हिरो” म्हणून चिडवतात. तिथे त्याने मुळीच बदलू नये, बदलायचे ते आम्ही.

पहिला महिना नव्या माणसाला एक जुना जोडीदार द्यावा, हे मालकांनाही पटते. अडते ते पुढेच. शिकवण्यात तासभर गेला तरी त्या जोडीदाराचे टार्गेट एका नगानेही कमी होत नाही. मग तो शिकवील कशाला? “बघून शीक” म्हणून मोकळा होतो. महिनाभर त्याचे नग कमी धरा, असे मी मीटिंगमध्ये दोनदा मांडले आहे. दोन्ही वेळा प्रॉडक्शनवाल्यांनी विचारले, “मग डिस्पॅचला काय सांगायचे?” त्या चौदा तुकड्यांचे डिस्पॅचला काय सांगितले होते, हे मी आता तिसऱ्या मीटिंगमध्ये विचारणार आहे.