‘कोर्ट’ कंटाळवाणा वाटणाऱ्यांविषयी

‘कोर्ट’ हा मराठी चित्रपट ज्यांना संथ वाटला त्यांना सिनेमाच कळत नाही, हे त्यावरील तुमच्या लेखातील विधान मला पटले नाही. २०१५ साली नागपुरात हा चित्रपट पाहताना, न्यायालयाची खोली रिकामी होऊन दिवे मालवले गेले तेव्हा चित्रपट संपला असे समजून माझ्या रांगेतले बरेच जण उठले, आणि न्यायाधीशांच्या सहलीचा प्रसंग सुरू झाल्यावर त्यांतले काही उघड चिडले. ती चीड मला प्रामाणिक वाटते, कारण तारखेवर तारीख पडत जाण्याचा कंटाळा दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे यांनी प्रेक्षकालाही भोगायला लावला आहे.

मात्र ‘यात काहीच घडत नाही’ हा आक्षेप मी मान्य करणार नाही. गटारात उतरण्यापूर्वी नवरा आत खडा टाकून झुरळे बाहेर येतात का, म्हणजे आत श्वास घेण्याजोगी हवा आहे का, ते पाहत असे, हे मृत सफाई कामगाराची पत्नी साक्षीत इतक्या सपाट स्वरात सांगते की शेजारी बसलेल्या आईने माझा हात घट्ट धरला होता.

या खटल्यातील आरोपी शाहीर नारायण कांबळे साकारणारे वीरा साथीदार आपल्या नागपूरचे. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने ते गेले. त्यांच्याविषयी लेखात एक ओळ तरी हवी होती.